कॉम्प्युटरमधून भाजणीचा वास

नमस्कार श्रोतेहो. मुंबईची ऑक्टोबर हीट मी तुम्हाला वर्णन करून सांगायला नको. अशा दिवसांत कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे त्याची मुख्य चिप, का तापतो आणि तापलाय हे ओळखायचं कसं, हा आजचा विषय. पण आधी गिरगावातल्या माझ्या काकूची गोष्ट.

काकू दिवाळीआधी महिनाभर ऑर्डरची भाजणी करते. घर दोन खोल्यांचं. त्यात घरघंटी, आणि घरघंटीला खेटूनच चुलतभावाचा कॉम्प्युटर. कॅबिनेटवर क्रोशाचं विणलेलं कव्हर. आपल्याकडे मिक्सरपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांना झबली घालायची हौस फार!

तर तो कॉम्प्युटर वीस मिनिटं चालायचा आणि फट्‌दिशी बंद. वायरमन म्हणाला, व्होल्टेज. स्टॅबिलायझर आला. चुलतभाऊ म्हणाला, व्हायरस. दोनदा फॉरमॅट मारून झालं. काही झालं की फॉरमॅट मारायचं, हे म्हणजे डोकं दुखतं म्हणून घर बदलण्यासारखं. असो.

मी गेलो आणि एकच विचारलं, "बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर किती वेळ चालतो?" चुलतभाऊ म्हणाला, "पाच मिनिटं. अर्धा तास थांबलो तर पुन्हा वीस." श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. लगेच सुरू केला तर पाच मिनिटं, थंड झाल्यावर वीस. व्हायरसला गार व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे संशय उष्णतेवर.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंगचं पान, उघडून तापमानाच्या आकड्याकडे बघत बसलो. ८२, ८९, ९४, ९७... आणि पडदा काळा. कव्हर तर मी आधीच काढलं होतं. मग पाठीमागे तळहात धरला. पंखा फिरत होता, पण वारा जेमतेम. आणि त्या जेमतेम वाऱ्याला वास होता. खमंग!

म्हटलं, "काकू, कॉम्प्युटरमधून भाजणीचा वास येतोय गं."

काकू म्हणाली, "चांगली भाजली गेलीय ना?"

प्लग काढून बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत पीठ बसलेलं, आणि मुंबईच्या दमट हवेनं त्याचं लिंपण झालेलं. पंखा वरून वारा घालतोय, पण पट्ट्यांतून आरपार काहीच जात नाही. रंगाच्या ब्रशनं खरवडून काढलं. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवणारा लेप, वाळक्या चुन्यासारखी झाली होती. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गावरून, नवी ट्यूब आणली. मग चुलतभावाचा गेम चांगली वीस मिनिटं खेळलो, तर आकडा ६८च्या वर गेला नाही. काकूनं फीबद्दल विचारलं. मी भाजणीच्या चकल्या मागितल्या. हल्ली तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या चकल्या मिळतात. त्यांना चकली म्हणणं मला मान्य नाही.

बरं, वेळ थोडा उरलाय. प्रोसेसर तापला की आधी स्वतःच वेग कमी करतो, म्हणून कॉम्प्युटर रेंगाळतो. त्यानंही भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. नुसता चालू असताना ४०-५० आणि भरपूर काम करताना ७०-८० दिसलं तर घाबरू नका. कोअर टेंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा आकडा दाखवतं.

तीन गोष्टी बघा: धूळ, पेस्ट, हवेची वाट. पुन्हा सांगतो, धूळ, पेस्ट, हवेची वाट. हवेच्या झोतानं धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बिघडतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढा. नवी मटारच्या दाण्यापेक्षा थोडी कमीच, मधोमध. श्रीखंडासारखी थापू नका. कूलरला, म्हणजे पट्ट्या आणि पंख्याच्या त्या जोडीला, चार खुंट्या असतील तर चारही नीट बसल्यात ना ते बघा. एक सैल राहिली तरी तापमान चढतं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे असू द्या. लॅपटॉप असेल तर गादीवर ठेवू नका, त्याच्या जाळ्या बुजतात.

आणि प्लग काढल्याशिवाय यातलं काहीच करू नका. प्लग काढूनच. काकूची घरघंटी आता गॅलरीत गेलीय. चुलतभाऊ मात्र सांगतो, काकू दळायला लागली की अजूनही हाक मारते, "अरे, तुझ्या मशीनला वास येतोय का बघ!"