फ्रेडरिक्सबोर्गमध्ये मूळ किती आणि नवे किती

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सभासद आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

गेल्या महिन्यात मंडळाची सहल डेन्मार्कमधल्या हिलेरोडच्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याला जाऊन आली. परतताना गाडीत दोन-तीन जणांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला की, आपण आज जे पाहिले ते खरोखर चारशे वर्षांपूर्वीचे आहे का. प्रश्न अगदी रास्त होता, पण गाडीच्या गोंगाटात त्याचे धड उत्तर मला देता आले नाही, म्हणून कार्यकारिणीने आज ही संधी दिली आहे.

आधी एक कबुली देतो. मी स्वतः हा किल्ला पहिल्यांदा पाहिला तो सासूसासरे भारतातून आले होते तेव्हा, आणि तो आम्ही पाऊण तासात उरकला. तळ्याच्या काठावर फोटो काढले, दोन दालनांतून फिरलो आणि कोपनहेगनची पुढची ट्रेन गाठली. त्यात किल्ल्याचा काही दोष नव्हता. ‘किल्ला’ हा शब्दही मी जरा सैलपणे वापरतो आहे. डॅनिश लोकांचा ‘स्लॉट’ हा शब्द किल्ला आणि राजवाडा या दोन्हींना चालतो. इथे तळ्यातल्या तीन बेटांवर इमारती उभ्या आहेत, चहूकडे पाणी आहे आणि पुलावरूनच आत जावे लागते, पण लांबच लांब खिडक्या आणि कोरीव वालुकाश्म पाहता लढाईपेक्षा थाटाचाच विचार बांधणाऱ्याने अधिक केलेला दिसतो.

तो बांधणारा म्हणजे राजा चौथा क्रिस्तियान. त्याचे वडील दुसरे फ्रेडरिक यांनी 1560 मध्ये ही जागा एका सरदाराकडून अदलाबदलीत घेतली आणि तिला स्वतःचे नाव दिले. क्रिस्तियानचा जन्म 1577 मध्ये इथेच झाला, तरी पुढे त्याने वडिलांचे बरेचसे बांधकाम पाडून टाकले आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत लाल विटांचा, तांब्याच्या छपरांचा, डच पद्धतीचा हा रेनेसान्स प्रासाद उभा केला.

आता या किल्ल्याला लागलेल्या आगीविषयी. 16 डिसेंबर 1859 च्या रात्री, राजा सातवा फ्रेडरिक इथे मुक्कामाला असताना, ऊब मिळावी म्हणून एका खोलीत पेटवलेल्या विस्तवातून आग पसरली. किल्ला तळ्यात उभा होता, पण कडाक्याच्या थंडीने तळेच गोठलेले होते आणि भोवती एवढे पाणी असूनही विझवायला ते वेळेवर मिळेना. सकाळपर्यंत मुख्य इमारतीचा आतला भाग जळून गेला आणि तिथल्या चित्रसंग्रहाचा फार मोठा हिस्सा नष्ट झाला. प्रार्थनामंदिर आणि राजाचे भेटीचे दालन मात्र बचावले. त्यामुळे गाडीतल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे देता येईल की, मंदिर जुने आहे आणि ज्या शूरवीरांच्या दिवाणखान्यात आपण छताकडे माना वर करून उभे होतो तो एकोणिसाव्या शतकात पुन्हा केलेला आहे. हे काम अंदाजाने झालेले नाही. हाइनरिख हान्सेन या चित्रकाराने आगीपूर्वीच आतली दालने बारकाईने रेखाटून ठेवली होती, आणि पुनर्बांधणी करणारा वास्तुकार फेर्डिनांड मेल्डाल याच्या कामात ती चित्रे फार उपयोगी पडली. पुन्हा उभारलेल्या गोष्टीला ‘नकली’ म्हणून हिणवणे मला पटत नाही. जळालेले छत कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने परत उभे केले, हाही त्या वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे.

पैसा बराचसा लोकवर्गणीतून आला आणि त्यात पुढे मोठा हात लागला तो कार्ल्सबर्ग या बिअर-कारखान्याचे संस्थापक याकोब क्रिस्तियान याकोबसेन यांचा. आधी त्यांनी राजाच्या खासगी प्रार्थनाकक्षाचा खर्च उचलला. त्या कक्षासाठी कार्ल ब्लोख या चित्रकाराने ख्रिस्ताच्या जीवनावर 23 चित्रे काढली. नंतर फ्रान्समधल्या वर्सायच्या ऐतिहासिक संग्रहालयाचा आदर्श समोर ठेवून याकोबसेन यांनी सुचवले की, राजाला आता इथे राहायचे नसेल तर देशाचा इतिहास या भिंतींवर लावावा. त्यातून 1878 मध्ये राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय स्थापन झाले आणि 1882 मध्ये ते लोकांसाठी उघडले. हे एकदा कळले की दालनांचा क्रमही कळतो. इथे चित्र उत्तम आहे की बेताचे, हा प्रश्न दुय्यम असून चित्रातला माणूस कोण होता हे महत्त्वाचे आहे. सहलीत काही जणांना ‘सगळे चेहरेच चेहरे’ पाहून कंटाळा आला. मलाही तिसऱ्या दालनापाशी आला होता, हे खरे आहे.

मंदिरात मात्र कोणालाच कंटाळा आला नाही. तिथला कोम्पेनियस ऑर्गन 1610 चा आहे. तो एका जर्मन ड्यूकसाठी बांधला गेला आणि त्याची विधवा एलिझाबेथ, म्हणजे क्रिस्तियानची बहीण, हिने तो 1617 मध्ये भावाला दिला. त्याच्या एक हजाराहून अधिक नळ्या झाडून सगळ्या लाकडाच्या आहेत. धातूच्या नळ्यांचा खणखणीतपणा त्यात नाही, सूर बासरीसारखा मऊ येतो, कारण हे वाद्य मुळात वाड्यातल्या मेजवान्यांसाठी होते. भाते आजही हाताने चालवले जातात. आपल्यातल्या एक काकू म्हणाल्या, “म्हणजे पेटीसारखेच की, फक्त भाता ओढणारा माणूस वेगळा!” यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते.

त्याच मंदिरात भिंतींवर ओळीने ढाली लावलेल्या आहेत. ‘हत्तीचा सन्मान’ या डेन्मार्कच्या सर्वोच्च सन्मानाच्या मानकऱ्यांची ती कुलचिन्हे आहेत. या सन्मानाचे पदक म्हणजे पाठीवर बुरूज आणि मानेवर माहूत असलेला पांढरा हत्ती. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना 1947 मध्ये तो मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या ढालीवर चिनी यिन-यांगचे चिन्ह घेतले. ती ढाल शोधण्यात आपल्या मुलांनी अर्धा तास घालवला.

हत्ती पाहून कोणीतरी भारताचा विषय काढला. हत्तीचे मला सांगता येणार नाही, पण इथल्या राजघराण्याचा भारताशी आणि पुढे मराठी माणसांशी खरा संबंध आहे. हा किल्ला बांधला जात असतानाच, 1616 मध्ये, क्रिस्तियानने डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्याचा दूत ओवे गेडे याने 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची तरंगंबाडी मिळवली आणि तिथे डॅन्सबोर्ग हा कोट उभा राहिला. पुढे 1670 च्या दशकात व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतले आणि डॅनिश लोकांना तरंगंबाडीसाठी जो वार्षिक नजराणा द्यावा लागे तो मराठी दरबाराकडे जाऊ लागला. त्याच तरंगंबाडीत 1750 मध्ये उतरलेल्या श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांना लहानपणी शिकवले. तरंगंबाडीतल्या डॅनिश अमलाचा शेवट 1845 मध्ये झाला, त्या वर्षी वसाहत इंग्रजांना विकून टाकण्यात आली.

शेवटी दोन वस्तूंविषयी सांगायचे आहे, कारण घाईत त्या बहुतेकांच्या नजरेतून सुटल्या. पहिली म्हणजे अंगणातले नेपच्यूनचे कारंजे. आड्रियान दे व्रीस या शिल्पकाराच्या मूळ मूर्ती 1659 मध्ये स्वीडिश सैन्याने लुटून नेल्या. त्या आज स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यात आहेत आणि इथे आपण पाहिल्या त्या 1888 च्या प्रतिकृती. दुसरी वस्तू संग्रहालयात आहे. ते गोलाकार खगोलयंत्र 1650 च्या दशकात आजच्या उत्तर जर्मनीतल्या गॉटॉर्पच्या ड्यूकसाठी आंद्रेआस ब्योश याने बनवले. मधोमध सूर्य, भोवती ग्रह, आणि सारे घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हटल्याबद्दल गॅलिलिओवर खटला होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. हे यंत्र अस्सल आहे आणि त्यावर कोणाच्याही प्रतिकृतीचा शिक्का नाही. मात्र तेही मुळात इथले नव्हे. गॉटॉर्पच्या ड्यूकचा मुलूख डेन्मार्कच्या राजाने ताब्यात घेतल्यावर ते इकडे आले. म्हणजे स्वीडनने नेले त्याची नक्कल अंगणात आहे आणि डेन्मार्कने आणले ते अस्सल आतल्या दालनात आहे.