काजव्यांचा ताल मोजताना

(दृश्य : राजमाचीची वाट, तिन्हीसांजा)

रोहिणी नक्षत्र लागलंय. वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या की लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या रानात हिरडा, ऐन, जांभूळ काजव्यांनी लखलखायला लागतात. मृगाचा पाऊस नीट धरला की हा खेळ आवरत येतो. रात्र निवडायची ती अमावस्येच्या आसपासची.

सूर्य सातनंतर मावळतो. पावणेआठला जागा धरून बसायचं, कारण डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाइल उघडला, की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद, उजेड पायापुरता. वाट सोडून गवतात शिरायचं नाही. माद्या आणि अळ्या तिथेच असतात.

(दृश्य : काजव्याचं पोट, अगदी जवळून)

हा नर. पोटाखालचे शेवटचे दोन फिकट पट्टे दिसतायत ना, उजेड तिथे तयार होतो. या गटातल्या मादीला असा एकच पट्टा. ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफरेज हे एन्झाइम ती क्रिया घडवून आणतं, आणि उष्णता जवळपास निघतच नाही.

आता मोजणी. एकाच काजव्यावर नजर ठेवा. पहिल्या चमकेला स्टॉपवॉच सुरू करा आणि मनात म्हणा, ‘शून्य’. ‘दहा’ला थांबवा, आलेल्या सेकंदांना १० ने भागा : दोन चमकांमधलं सरासरी अंतर मिळेल. गफलत होते ती सुरुवातीलाच : पहिल्या चमकेला ‘एक’ म्हटलं, तर दहाव्या चमकेपर्यंत मधली अंतरं नऊच भरतात. शेजारी तापमान लिहायचंच. गारवा वाढला की ताल संथ होतो. नोंद नसेल तर उगाच वाटतं, काजवे दमले. थर्मामीटर फांदीला टांगा. खिशातला तुमच्या अंगाची ऊब सांगेल.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड, फोकस हाताने, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे दर फ्रेम ४० मिलिसेकंदांची. शटर १/२५. ते १/१०० ठेवलं तर पाऊण वेळ कॅमेरा आंधळाच, बारीक चमका निसटतात. बरेच फोन अंधारात फ्रेम परस्पर कमी करतात. तो आपोआपपणा आधी बंद करा. पन्नास फोटो एकावर एक चढवून केलेलं सोनेरी झाड देखणं दिसतं खरं, पण त्यात ताल उरत नाही.

(दृश्य : अख्खं झाड एकदम उजळतं, विझतं)

इथे म्होरक्या कुणी नाही. शेजाऱ्याची चमक पाहून प्रत्येक जण आपली पुढची चमक जुळवून घेतो. एक पांढरी टॉर्च फिरली, की ताल फुटलाच.

(दृश्य : खाली झुडपात एकच ठिपका)

एकाच पट्ट्याची, एकेरी चमक. लगेच ‘मादी’ लिहू नका. चीनमधल्या २०२४ च्या अभ्यासात कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले अ‍ॅब्सकोंडिटा टर्मिनॅलिस जातीचे नर असेच मादीसारखे चमकताना आढळले, आणि त्या चमकेने आणखी नर जाळ्यात आले. लाल उजेड क्षणभर टाका, पानांमध्ये धागे दिसतात का बघा, मग वहीत लिहा.