आधी सांगा, थोडं थांबा

नमस्कार श्रोतेहो. उद्या २ एप्रिल. संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस जागतिक ऑटिझम जागृती दिन म्हणून पाळला जातो. ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. मला हा शब्द फारसा पटत नाही. माझा अकरा वर्षांचा नातू स्वमग्न आहे, पण जिन्यात पावलं वाजली की कोण आलं ते त्याला घरात सगळ्यांच्या आधी कळतं. त्याचं जगाकडे लक्ष असतंच. फक्त जग त्याच्या अंगावर फार जोरात येतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द तोकडे आहेत. अशी सगळी मुलं सारखी नसतात, तेव्हा मी माझ्या घरातलं सांगते.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. पूर्वी मी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला की हा कानावर हात दाबून पलंगाखाली जायचा. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. मग मी बटण दाबायच्या आधी सांगायला लागले, "मिक्सर लावतेय हं. दहापर्यंत मोजू." आता तो दारात उभा राहून माझ्याबरोबर मोजतो. दहा झाले की मी बंद करते, चटणी भरड राहिली तरी करते. शब्द दिलाय ना!

केस कापणं ही आमच्याकडे मोठी लढाई होती. दोन माणसांनी धरायचं, हा किंचाळणार, दुकानातले सगळे बघणार. एका सलूनवाल्या दादांनी स्वतःहून सांगितलं, "आजी, सकाळी दुकान उघडताच आणा, गर्दी नसते." पहिल्या दिवशी त्याला नुसतं खुर्चीत बसवलं. दुसऱ्या खेपेला बंद मशीन हातात दिलं. तिसऱ्या खेपेला दादांनी ते सुरू करून आधी स्वतःच्या मनगटावर फिरवलं, मग त्याच्या. चौथ्या खेपेला मानेवरचे केस निघाले, तेही अर्धेच. त्या अर्ध्या मानेनिशी आम्ही दोघं रस्त्याने घरी आलो तेव्हा मला रडू आवरेना. आदल्या तीन खेपांचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मंडळी, मला एवढंच सांगायचंय. काय होणार ते आधी सांगा, आणि उत्तरासाठी थोडं थांबा. "नाव काय तुझं?" असं विचारलंत की लगेच पुन्हा विचारू नका. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तो तुमच्या डोळ्यांत बघणार नाही, पण ऐकत असतो. घरात ड्रिल मारायचं असेल तर आदल्या दिवशी शेजारी कळवा. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आता फोन करून वेळ सांगतात. सोसायटीच्या गणपतीत दुपारी तासभर स्पीकर आणि झांजा बंद ठेवता येतात. आमच्याकडे ठेवतात, आणि त्या तासात आजारी म्हातारी माणसंही निवांत दर्शन घेतात. बसमध्ये मोबाइलवरचे व्हिडिओ इअरफोन लावून बघा. एखादं मूल बसमध्ये हात फडफडवत असेल, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते स्वतःला सावरत असतं. "आवरा की त्याला" असं त्याच्या आईला म्हणू नका. ती सकाळपासून आवरतेच आहे.

आणखी एक गोष्ट, जरा स्पष्टच बोलते. वर्षाचं बाळ नावाने हाक मारली तरी वळून बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" असा धीर देऊ नका. आमची दोन वर्षं त्या धीरात गेली. डॉक्टरांना दाखवा म्हणा. आईचं लक्ष नव्हतं म्हणून असं झालं, हे तर तोंडातून काढूच नका. ते खोटं आहे. लशींमुळे होतं हेही खोटं. १९९८ साली ज्या लेखाने ही भीती पसरवली, तो छापणाऱ्या लॅन्सेट नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या घराला गरज आहे त्या घरापर्यंत हे पोहोचवा. त्या आईबापांना कागदपत्रांपुरतीही उसंत नसते.

आता शेवटचं, ठाण्यातल्या माणसांसाठी. आपलं तलावांचं शहर. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची फार ओढ असते, आणि दार उघडं दिसलं की ती निघून जातात. तलावपाळीवर एकटं मूल पाण्याकडे टक लावून बघताना दिसलं, हाकेला ओ देत नसलं, तर ओरडू नका, दंड धरून ओढू नका. त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभे राहा. लहान वाक्यांत बोला. गळ्यात, मनगटावर, शर्टाच्या आत नंबर आहे का बघा. नसेल तर ११२ या आपत्कालीन नंबरला किंवा १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा.

दोन वर्षांपूर्वी आमचं दार असंच उघडं राहिलं होतं. घरातले सगळे चार दिशांना धावत होतो, आणि माझा फोन वाजला. तलावपाळीवरचे एक भेळवाले होते. गाडी तशीच सोडून ते कट्ट्यावर त्याच्याशेजारी, पाण्याच्या बाजूला बसले होते. म्हणाले, "आजी, तुमचं पोरगं इथं आहे. सावकाश या, रस्ता नीट ओलांडा. तुम्ही येईस्तोवर मी बसलोय."