उरलेल्या हातांचं मोल

इंग्लंडमधलं अ‍ॅशवेल गाव. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. साल १३५०. त्यांचा अर्थ असा, की या भीषण साथीतून वाचली ती नुसती गाळसाळ, साक्षीपुरती. कोरणारा कोण, ठाऊक नाही. पण मागे उरल्याचं ओझं त्या दगडात अजून जाणवतं.

१३४८च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेग उतरला. दीड-दोन वर्षांत देशातली किमान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसं गेली. राजा तिसऱ्या एडवर्डची लेक जोन लग्नासाठी निघाली होती. तिला वाटेत, फ्रान्समधल्या बोर्दोत याच साथीने मरण आलं.

शेतात पीक उभं, कापायला माणूस नाही. पिढ्यानपिढ्या जमीनदाराकडे वेठीला राबणारी कुळं आता मजुरी ठरवून मागू लागली. शेजारच्या गावात जास्त मिळतंय म्हटल्यावर माणसं बिऱ्हाड उचलून चालू लागली.

दरबार घाबरला. जून १३४९ मध्ये हुकूम सुटला: साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने काम नाकारायचं नाही, आणि मजुरी साथीच्या आधीचीच घ्यायची. १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला. गवत वाळवणाऱ्याला दिवसाला एक पेनी. एकच! न मानणाऱ्यांसाठी गावोगाव खोडे. तोवर मजुरी हा गावातला मामला होता. आता राजाचं सरकार थेट शेताच्या बांधावर येऊन बसलं. माझ्या मते साथीने घडवलेला सर्वांत मोठा बदल हाच.

पण कायद्याने माणसं परत येत नाहीत. मजुरी चढतच राहिली, चीड साचत राहिली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी डोईपट्टी आली: १३७७ मध्ये डोक्यामागे ४ पेनी, तीन-चार वर्षांत १२. मे १३८१ अखेर लंडनजवळचा एसेक्स परगणा पेटला, मग केंट. बंडखोरांनी गावोगावची जमीनदारांची दप्तरं जाळली, कारण वेठ लिहिलेली होती ती तिथेच.

बंडखोर लंडनवर चालून आले. १४ वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड शहराबाहेर माइल एंडला त्यांना सामोरा गेला आणि वेठमुक्ती कबूल करून आला. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्डला त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला. राजाने शब्द फिरवला.

तरीही वेठ टिकली नाही. राबायला माणूसच मिळेना, तेव्हा जमीनदार जमिनी खंडाने देऊ लागले. पुढच्या पिढ्यांत कुळाच्या हाती एक कागद येऊ लागला: जमीनदाराच्या दप्तरातल्या, कुळाच्याच नावच्या जमिनीच्या नोंदीची नक्कल.