खर्र्याला धूर नाही

(दृश्य: पहाट. गावाबाहेरचा रस्ता. धावणारी पोरं.)

गडचिरोलीतल्या मोठ्या गावांबाहेर पहाटे ही पोरं दिसतात. पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक. ऊन चढलं की यातली बरीच जण घरी जायच्या आधी पानठेल्यावर थांबतात.

(दृश्य: पानठेला. पन्नीत खर्रा घोटणारे हात.)

सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना. पन्नीत घालून घोटायचं की खर्रा तयार. एकाने पुडी उघडली की चिमूट सगळ्यांपुढे फिरते, आणि नाही म्हणणारा वेगळा पडतो. वेगळं पडायची हिंमत सोळाव्या-सतराव्या वर्षी किती जणांत असते?

यातल्या कुणालाही व्यसनाचं विचारा, उत्तर येतं, "मले कायचं व्यसन? बिडी पेत नाही, दारू पेत नाही. खर्रा खातो तेवढा."

हे तो मनापासून सांगतो. त्याचा आजा बिडी ओढायचा, खोकायचा, साऱ्या घराला कळायचं. त्या बिडीची तेंदूपानं आजही उन्हाळ्यात इथल्याच जंगलात तोडली जातात. ओढणारे तरुण मात्र गावात कमी दिसतात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे धूर ओसरला, तंबाखू गालात जाऊन बसला. गालात खर्रा धरून रोवणी करता येते, ट्रॅक्टर चालवता येतो, आईसमोर बसताही येतं.

(दृश्य: दंतचिकित्सा कक्ष. तोंड उघडायचा प्रयत्न करणारा तरुण. चेहरा दाखवू नये.)

आधी तिखट झोंबायला लागतं. साधी भाजी तोंडात आग लावते. मग गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठर होते. सुपारीतल्या द्रव्यांमुळे तिथे चिवट तंतू साठत जातात आणि जबडा उघडेनासा होतो. घास लहान करावा लागतो. शिट्टी वाजत नाही. ताठर झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही, आणि यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. तंबाखू बाजूला ठेवला तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तसं स्पष्ट म्हटलं आहे. "मी तंबाखू कमी टाकायला सांगतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवं.

(दृश्य: सिगारेटचं पाकीट. शेजारी खर्र्याची पुडी.)

सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा असतो, कर्करोगाचं चित्र असतं, मदतीचा क्रमांक असतो. खर्र्याच्या पन्नीवर काहीही नसतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, सुगंधित तंबाखूवरही बंदी आली. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ठेल्यावर मात्र दहावीतलं पोरगं उधारीवर खर्रा नेतं. आमच्या मते गुन्हा तिथे घडतो, त्या पोराच्या गालात नाही.

गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान चालू आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि शासन त्यात एकत्र आहेत. गावाने बैठक घ्यायची, विक्री थांबवायचा ठराव करायचा आणि तो पाळला जातो का ते गावानेच बघायचं. ठराव करणं सोपं असतं. ठेला चालवणारा गावातलाच, बहुतेक वेळा कुणाचा तरी काका. म्हणून त्याच्या दुसऱ्या कमाईचं बोलणंही त्याच बैठकीत व्हायला हवं.

(दृश्य: आरशासमोर तरुण.)

खर्रा खाणाऱ्याने आजच एक करावं. तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जातात का बघावं. जात नसतील, तोंडात आग होत असेल किंवा गालात पांढरा चट्टा दिसत असेल तर थांबू नये, ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. पहिला आठवडा चिडचिड होईल, हात खिशाकडे जाईल. त्या दिवसांत सोबत धावणाऱ्या एखाद्या मित्रानेही सोडला, तर दोघांनाही सोपं जातं.