मापाखालची मेणबत्ती

[दृश्य: रिगा, डिसेंबर. दाउगावा नदीचा काठ. रस्त्यावरचे दिवे लागलेले.]

दुपारचे पावणेचार वाजलेत आणि उत्तर युरोपातल्या लाटव्हियाच्या राजधानीत सूर्य मावळलाय. सकाळी तो उगवला तेव्हा नऊ वाजत आले होते. म्हणजे पुरता सात तासांचाही दिवस नाही. इतका अंधार सोसणाऱ्या माणसांच्या बोलण्यात मेणबत्ती कुठे कुठे येते, ते ऐकायला आपण निघालोय. सोबतीला इंग्रजी घेऊ, कारण मेणबत्तीवरचे तिचे वाक्प्रचार आपल्या कानांवर आधीच पडलेले आहेत.

लाटव्हियन भाषेत मेणबत्ती म्हणजे ‘स्वेत्से’. हा शब्द जुन्या रशियनमधून आला, ख्रिस्ती धर्माच्या इतर कितीतरी शब्दांबरोबर. वातीला म्हणतात ‘दक्त्स’, ती जर्मन भाषिकांकडून आली. शेतकऱ्याच्या घरात मात्र ‘स्काल्स’ जळायचा: लाकडाची लांब, पातळ ढलपी. तिच्या उजेडात सूत कातायचं, मोजे विणायचे, आणि ती संपत आली की दुसरी पेटवायची. मेणबत्ती रोज जाळायची वस्तू नव्हतीच.

म्हणूनच तिचा सण मोठा. २ फेब्रुवारीला, नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. इंग्रजीत त्या दिवसाचं नाव कॅंडलमस, लाटव्हियनमध्ये ‘स्वेचु दिएना’, मेणबत्त्यांचा दिवस. लाटव्हियन माणसं एवढ्यावर थांबली नाहीत. फेब्रुवारीचं जुनं नावच त्यांनी ठेवलं ‘स्वेचु मेनेसिस’, मेणबत्त्यांचा महिना.

[दृश्य: लाकडी टेबल, पत्ते, वितळत चाललेल्या मेणबत्त्या.]

रात्री पत्त्यांचा डाव रंगलाय. जिंकलेल्या पैशांपेक्षा जळून गेलेल्या मेणाची किंमत जास्त भरली, तर खेळून मिळवलं काय? फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली म्हण सांगते, हा खेळ मेणबत्तीच्या मोलाचा नाही. लाटव्हियन माणूसही तेच म्हणतो: ‘स्पेले नाउ स्वेचु वेर्ता’. पण नीट ऐका. इंग्रजीत मेणबत्ती एकच आहे, लाटव्हियनमध्ये मेणबत्त्या, अनेकवचनी. मला ऐकताना वाटतं, इथली रात्र एका मेणबत्तीत सरत नसणार. आपण अशा वेळी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला काढतो. हिशेब तोच, फक्त स्वयंपाकघरातला.

‘दोन्ही टोकांनी मेणबत्ती जाळणं’ दोन्ही भाषांत जवळजवळ शब्दशः सापडतं. पहाटे उठायचं, मध्यरात्रीपर्यंत राबायचं आणि स्वतःला संपवायचं. आपण रात्रीचा दिवस करतो, पण त्यात कौतुकाचा सूर असतो. मेणबत्तीच्या वाक्प्रचारात काळजी आहे.

काही ठिकाणी मेणबत्ती विझतेही. मालक काम करतोय आणि नोकर शेजारी मेणबत्ती धरून उभा आहे, अशा चित्रातून इंग्रजीत एक वाक्प्रचार रुळला: अमक्यासमोर मेणबत्ती धरायचीही तमक्याची लायकी नाही. लाटव्हियनमध्ये ती मेणबत्ती नाही. ते म्हणतात, ‘ने तुवु नेस्ताउ’, हा त्याच्या जवळपासही उभा राहत नाही. मराठीत तो पासंगालाही पुरत नाही. नोकर, अंतर आणि तराजू: एकाच तुलनेला तीन भाषांनी तीन मापं लावली.

[दृश्य: अलुक्स्ने. तळ्याकाठचं गाव, ओकची जुनी झाडं.]

मापावरून आठवलं, आणि इथे जरा थांबूच. ईशान्य लाटव्हियातल्या या गावात एर्न्स्ट ग्लुक नावाचे जर्मन पाद्री राहत. बायबल लाटव्हियनमध्ये आणण्याचं प्रचंड काम त्यांनी इथे बसून केलं. नवा करार १६८५ साली छापला गेला. कामाच्या आठवणीसाठी त्यांनी लावलेले ओक आजही गावात दाखवतात.

नव्या करारातल्या मत्तयाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, एक ओळ आहे. मूळ ग्रीकमध्ये ती तेलाच्या दिव्याबद्दल आहे. पॅलेस्टाईनमध्ये घरोघरी तेलाचेच दिवे होते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्या दिव्याची मेणबत्ती झाली, आणि ग्लुक यांच्या भाषांतरातही ‘स्वेत्से’ झाली. उत्तरेकडच्या वाचकाला जो उजेड ओळखीचा, तोच शब्दात आला. कोणी मेणबत्ती पेटवून ती ‘पूर्स’खाली ठेवत नाही, असं लाटव्हियन वाक्य सांगतं. आपले गुण लपवू नयेत म्हणून इथे आजही पूर्सखालच्या मेणबत्तीची आठवण करून देतात.

पूर्स म्हणजे धान्य मोजायचं माप, साधारण ७० लिटरचं, आपल्या पायलीपेक्षा कितीतरी मोठं. पण पूर्स म्हणजे मुलीने लग्नासाठी साठवलेला रुखवतही: विणलेले हातमोजे, मोजे, चादरी. हा दुसरा अर्थ कळल्यापासून मला ती ओळ वाचताना दर वेळी मोज्यांनी भरलेली पेटी दिसते, आणि तिच्याखाली घुसमटणारी ज्योत.

मराठी बायबलात हीच ओळ अशी आहे: दिवा लावून तो मापाखाली ठेवत नाहीत, तर दिवठणीवर ठेवतात. मराठीला काही बदलावंच लागलं नाही. दिवा तेलाचाच होता, ठेवायला दिवठणही होती. आपल्याकडे मेणबत्ती लाइट गेल्यावर निघते, उपड्या वाटीवर मेण ठिबकवून उभी राहते आणि लाइट आली की पुन्हा खणात जाते. आपले वाक्प्रचार तेल, वात आणि दिव्यांचेच राहिले.

[दृश्य: रिगा. गॅरेज, मग औषधांचं दुकान, मग स्मशानभूमी.]

‘स्वेत्से’ मात्र अजून कामं अंगावर घेतेच आहे. गाडीच्या इंजिनातला स्पार्क प्लग ही इथे पेटवणारी मेणबत्ती. गुदद्वारातून घ्यायची औषधी कांडी ही ‘स्वेत्सीते’, म्हणजे छोटीशी मेणबत्ती. आणि तोच लाडाचा शब्द शरद ऋतूत स्मशानभूमीत ऐकू येतो. ‘स्वेत्सीशु वाकर्स’, छोट्या मेणबत्त्यांची संध्याकाळ. घरची माणसं एकत्र येतात, कबरीवरची पानं झाडतात, ज्योती लावतात.

[दृश्य: रिगा किल्ल्याची भिंत, ११ नोव्हेंबर. रात्र.]

१९१९ साली याच शहरासाठी लढताना पडलेल्यांचा हा स्मृतिदिन. नदीकाठच्या किल्ल्याच्या भिंतीशी हजारो ज्योती आहेत. एक आजी वाकतात. वाऱ्याने काडी दोनदा विझते. शेजारचा अनोळखी मुलगा आपली पेटती स्वेत्सीते पुढे करतो, वातीला वात लागते, आणि दोघंही काही न बोलता भिंतीकडे बघत उभे राहतात.