सांगलीचा माल बाहेर पडताना

(दृश्य : सांगलीचे मार्केट यार्ड, दुपार)

सौदे आटोपले, की सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे बॉक्स आणि हळदीची पोती हमालांच्या पाठीवरून गाड्यांकडे सरकू लागतात. बेदाण्याच्या एका बॉक्सात साधारण 15 किलो माल बसतो. समजा, दिल्लीच्या व्यापाऱ्याने असे 40 बॉक्स मागवले. मालाचा भाव फोनवर ठरून गेलेला असतो. हे 600 किलो पोहोचवायचे कसे, हे मात्र सांगलीच्या व्यापाऱ्यालाच ठरवावे लागते.

या मागणीआधी किलोभराचा नमुना दिल्लीला गेलेला असतो आणि तो कुरिअरने किंवा स्पीड पोस्टानेच जातो, त्यात विचार करण्याजोगे काही नाही. दुसऱ्या टोकाला नऊ-दहा टनांचा माल असला, तर पूर्ण गाडी ठरवणे सोयीचे पडते, आणि उत्तरेकडे परतणारी गाडी मिळाली, तर भाडेही आटोक्यात राहते. अडचण होते ती मधल्या मालाची. 600 किलोंसाठी अख्खी गाडी परवडत नाही आणि कुरिअरचा किलोमागचा दर मालाच्या नफ्यातच हात घालतो. अशा वेळी यार्डातला हुंडेकरी (माल वाहून नेण्याचा धंदा करणारा) माल पार्ट लोडमध्ये घेतो, म्हणजे चार जणांच्या मालासोबत तो एका गाडीत चढतो.

(दृश्य : बिल्टीचे पुस्तक, जवळून)

हुंडेकऱ्याने तोंडी सांगितलेला दर हा निव्वळ भाड्याचा असतो, हे नवख्या व्यापाऱ्याला पहिली बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला दिल्याची पावती, हातात पडल्यावर कळते. भाड्याच्या ओळीखाली हमाली, बिल्टीचा आकार आणि माल दुकानापर्यंत हवा असल्यास डोअर डिलिव्हरीचा वेगळा आकार लिहिलेला असतो. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे लॉरीमालकांचे जुने म्हणणे आहे, आणि ते अगदीच गैर आहे असे म्हणवत नाही. म्हणून तुलना करायची, तर दोन्ही टोकांची हमाली धरून माल ग्राहकाच्या दारात किलोमागे कितीला पडतो, या आकड्यांचीच करावी.

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली)

मिरजेत हेच गणित उलटे होते. भोपळ्याची आणि तुणाच्या लाकडाची सतार वजनाला हलकी असते, पण तिची पेटी जागा अडवते. समजा, ही पेटी 130 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 40 उंच आहे. हवाई कुरिअरच्या प्रचलित हिशेबाने या तीन मापांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागले, तर पेटीने अडवलेल्या जागेवरून काढलेले वजन 46.8 किलो येते. काट्यावर पेटी 14 किलो भरली, तरी दोन्हींतले जास्त वजन धरून पैसे लागतात. जमिनीवरून जाणाऱ्या मालाला भाजक निराळा असू शकतो, तेव्हा तो आधीच विचारून घ्यावा.

मग सतार पार्ट लोडमध्ये का टाकू नये? कारण पार्ट लोडचा माल वाटेतल्या गोडाऊनात उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. बेदाण्याचा बॉक्स ही उतरचढ सोसतो; भोपळ्याला मात्र एक धक्का पुरतो. सतारीच्या बाबतीत वाहतुकीच्या दराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटेत पेटीला किती हात लागणार याचा विचार करावा लागतो, आणि तसा केला, तर महाग वाटणारे कुरिअरही पुष्कळदा स्वस्त ठरते.

आता पुन्हा त्या 40 बॉक्सांकडे. परराज्यात जाणाऱ्या मालाची किंमत 50 हजारांच्या वर गेली, की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, लागते. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, आणि वाटेत गाडी बदलली, तर नव्या गाडीचा क्रमांक त्यात भरावा लागतो. पार्ट लोड गोडाऊनात पडून राहिला, तर मुदत तिथेच सरते. ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते.

नुकसानीची बाजू त्याहून महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपुरती राहते. दीड लाखाच्या बेदाण्याचे भाडे 3 हजार असेल, तर भरपाई 30 हजारांवर थांबते. म्हणून अशा मालाचा स्वतंत्र विमा उतरवलेला बरा. दावा लावायचा झाल्यास बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस पोहोचलेली असावी लागते.

(दृश्य : दिल्लीतील दुकान, गाडीचे फाळके उघडलेले)

दिल्लीत माल उतरतो तेव्हा चालकाला पुढे जायची घाई असते आणि तो बिल्टीची प्रत सहीसाठी पुढे करतो. सांगलीच्या व्यापाऱ्याने फोनवरून आधीच बजावलेले असते, की 40 नग मोजावेत, एखादा बॉक्स ओला किंवा फुटका असल्यास ते बिल्टीवरच लिहावे आणि सही त्यानंतर करावी.